ताकदीचे सर

जावई पंधरा किलोचा होता. आत्या पाच किलोची, मामा आठचा आणि आत्याचे यजमान, म्हणजे फुफाजी, दहाचे. ही सगळी मंडळी सरांनी जुन्या जीन्सच्या पायांमध्ये कन्हान नदीची रेती भरून, दोन्ही तोंडं सुतळीनं शिवून घरीच तयार केली होती. पोत्यांवर आकडे लिहिता आले असते. पण आकडे पोरं विसरतात, नातेवाईक विसरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात जड पोत्याला जावईच का, याचंही उत्तर तयार असे. "जावई धड उचलता येत नाही, अन् खाली टाकताही येत नाही."

त्यामुळे सकाळी मैदानाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाखालून आवाज यायचा, "चला वं पोरीहो, जावयाले खांद्यावर घ्या, तीन चक्कर! अन् आत्याले आपटू नका, तिची शिलाई उसवून राहिली." मैदानात नव्यानंच फिरायला येऊ लागलेली माणसं हे ऐकून थबकायची. एक आजोबा तर दुसऱ्या दिवशी बायकोला ऐकवायला घेऊन आले होते.

त्या मैदानावर व्हॉलीबॉलचे कोच होते, खो-खोचे होते, धावण्याचे आणि गोळाफेकीचे होते. सर यांपैकी कशाचेच नव्हते. सगळे कोच आपापली पोरं आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याकडे पाठवायचे, अंगात ताकद यावी म्हणून. आम्ही त्यांना ताकदीचे सर म्हणायचो. ते स्वतः म्हणायचे, "खेळ तुमचे कोच शिकवतील. मी फक्त पोट्टं बांधून देतो." पोट्टं म्हणजे पोर. कुणीतरी हौसेनं त्यांच्यासाठी एक पाटी रंगवून आणली, 'स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग'. ती झाडाला टांगल्यावर त्या मे महिन्यात दोन माणसं कूलरच्या पंपाची चौकशी करून गेली. तिसरा आला तेव्हा सरांनी पाटी काढली आणि तिच्यावर पोरांच्या चपला ठेवायला सुरुवात केली.

सरांना कुठलाही खेळ खेळता येत नव्हता, ही गोष्ट कळायला मला वर्ष लागलं. चेंडू त्यांच्या दिशेनं आला की ते दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसत. सामन्यांना मात्र ते न चुकता यायचे. मैदानाच्या अगदी कडेला उकिडवे बसायचे आणि फक्त खेळाडूंचे पाय बघायचे. गुणफलकाकडे पाठ. सामना संपला, पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या की शेजारच्याला विचारायचे, "कोन जिंकलं?" उत्तर ऐकून "बरं" म्हणायचे आणि लगेच, "चार नंबरची डावा गुडघा आत टाकून राहिली. उद्या पाठवा तिले."

ही नजर त्यांना खेळानं दिलेली नव्हती, काट्यानं दिलेली होती. तीस वर्षं त्यांनी कन्हानजवळ कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरी केली. ट्रक काट्यावर चढायच्या आधी सर खिडकीतून टायरकडे बघून वजन सांगायचे आणि मग यंत्र तेच सांगायचं. ट्रकनं त्यांना एक शास्त्र शिकवलं होतं. ट्रक जास्त भरल्यानं बिघडत नाही, वाकडा भरल्यानं बिघडतो. आणि वाकडा भरला की एकाच बाजूचं टायर घासतं. निवृत्तीच्या आधीपासूनच ते हे शास्त्र पोरांना लावू लागले होते. नवीन मूल आलं की नाव विचारायच्या आधी बूट काढायला लावायचे आणि तो उलटा करून तळ कुठल्या बाजूला झिजलाय ते बघायचे.

मी तेरा वर्षांची असताना त्यांच्याकडे गेले. साडेपाच फुटांची, काडीसारखी. व्हॉलीबॉलच्या कोचनी "उंची आहे, पण वाऱ्यानं हलते" असा शेरा मारून पाठवलं होतं. सरांनी माझा बूट उलटा केला, खालून वर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चव्वेचाळीस किलो. त्यातले दीड किलो केस." मी घरी जाऊन काट्यावर उभी राहिले. चव्वेचाळीस. केसांचं मोजता आलं नाही.

पहिला महिना त्यांनी मला एका सिमेंटच्या पायरीवरून खाली उतरायला लावलं. फक्त उतरायला. पायरीवरून उडी टाकायची आणि आवाज न करता जमिनीवर टेकायचं. सर डोळे मिटून बसायचे. "आला आवाज. पुन्हा." मी म्हटलं, "सर, मला उंच उडायला शिकायचंय." ते म्हणाले, "उडनं कोनालेही येते. विहिरीत पडनारा बी उडतोच. गुडघे फुटतात उतरताना." महिन्याभरानं मी मांजरीसारखी उतरायला लागले. घरी इतक्या चोरपावलांनी वावरायचे की आजी दोनदा किंचाळली.

माझ्या आईचं आणि सरांचं मात्र सुरुवातीपासून जमलं नाही. आई कामठीच्या एका शाळेत शिक्षिका. रोज शेअर ऑटोनं जायची, त्याआधी सगळ्यांचे डबे. एवढ्या धावपळीत मला पाच वाजता उठवून, दूध पाजून मैदानावर पाठवायची. एकदा सुट्टीच्या दिवशी ती मला बघायला म्हणून आली. बाकीची पोरं झाडाभोवती बेडूकउड्या मारत होती आणि मी नव्हते.

"पोरगी कुठं आहे?" आईनं विचारलं.

सरांनी झाडामागं बोट दाखवलं. तिथं चटई होती. चटईवर मी होते, डोक्याखाली फुफाजी घेऊन, गाढ झोपलेली.

"हे काय?"

"झोपून राहिली."

"ते दिसते मले. पाचला उठवून पाठवते मी तिले. झोपायले?"

"पाचला उठवता म्हनूनच झोपते ना, ताई. रातच्याले किती वाजता झोपली?"

"अभ्यास असतो. अकरा वाजले."

"म्हंजे सहा तास. आठच्या खाली आलेलं पोट्टं मी चटईवर टाकतो. व्यायामानं अंग मोडते. भरते झोपेत. माझं काम फक्त मोडायचं आहे."

आईनं कमरेवर हात ठेवले. "झोपायचंच असन तं घरी झोपंल ना. तिच्या गादीवर. इथं कायले आणू?"

सर विचारात पडले. खरोखर पडले. मग म्हणाले, "हे बराबर आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून माझी वेळ साडेसहाची केली. आई जिंकली होती, पण त्यानंतर मला दहाला दिवा बंद करून झोपवायची जबाबदारी तिच्यावर पडली. आपण नेमकं कशात जिंकलो, हे तिला कधीच नीट समजलं नाही. पुढं कितीतरी वर्षं सरांचा विषय निघाला की ती "चटईवाला माणूस" असं म्हणून तोंड फिरवायची.

वजन ओळखायचा सरांचा नाद मैदानापुरता नव्हता. पानठेल्यावर, दवाखान्यात, बसच्या रांगेत, कुठंही ते आकडा सांगून मोकळे व्हायचे. आमच्या कोचच्या बहिणीच्या लग्नात ते जेवणाच्या रांगेत उभे होते आणि त्यांच्यापुढं नवरीची मावशी होती. मावशीनं सहज मागं वळून पाहिलं. सर प्रसन्नपणे म्हणाले, "एकोनऐंशी." मावशीला वाटलं, वय सांगतोय. ती साठीचीही नव्हती. तिनं हातातली ताटली खाली ठेवली आणि असं काही बोलली की मंडपातला सनईवाला थांबला. सरांनी समजूत घातली, "नाही जी, वय नाही, वजन." त्यानं प्रकरण आणखी वाढलं. ही गोष्ट मी आजवर निदान शंभर वेळा सांगितली असेल, आणि शंभर वेळा लोक हसलेत.

मैदानावर तर रोजचाच कार्यक्रम होता. आलेलं प्रत्येक मूल सरांसमोरून जायचं आणि सर मोठ्यानं आकडा पुकारायचे. कुणी दिवाळीहून परत आलं की विशेष मजा. आम्ही सगळे हसायचो.

सरांचा एक नियम मात्र थट्टेचा नव्हता. अठराच्या आत लोखंड नाही. रेतीची पोती चालतील, पाण्याचे डबे चालतील, एकमेकांना पाठीवर घेतलेलं चालेल. पण लोखंडाची दांडी आणि तिच्या टोकांना लावायच्या चकत्या पोरांच्या हाती द्यायच्या नाहीत. उंची थांबते. हे त्यांना त्यांच्या तरुणपणी आखाड्यात कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते अंगावर गोंदल्यासारखं पक्कं धरलं होतं. कुणाच्या घरी डंबेल आहेत असं कळलं तर ते घरी जाऊन आईवडिलांना भेटायचे. मोठी पोरं मागं लागायची, चिडायची, काही सोडून जायची. सर हलायचे नाहीत.

मी कॉलेज संपवून त्यांनाच मदत करायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. एक तरुण डॉक्टर आमच्या मैदानावर एक दिवसाचं शिबिर घ्यायला आला. खेळाडूंच्या शरीराचं शास्त्र शिकून आलेला, नम्र मुलगा, हातात लॅपटॉप. त्यानं आमची पोती बघितली, पोरांचं आवाज न करता उतरणं बघितलं, झोपेची चटई बघितली आणि तो इतका खूश झाला की सरांना "हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?" असं विचारू लागला. सर म्हणाले, "काट्यावर." त्याला ते काही कळलं नाही. मग त्यानं विचारलं, "आणि बारबेल कुठं ठेवता?"

"लोखंड नाही देत. उंची थांबते."

डॉक्टर जरा घुटमळला. "नाही थांबत, सर. शिकवणारा जवळ असेल, हलक्यापासून सुरुवात केली आणि नीट पद्धतीनं उचललं, तर मुलांच्या उंचीला त्यानं काही होत नाही. उलट हाडं मजबूत होतात."

"नक्की?"

"नक्की."

"नक्की?" सरांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरनं लॅपटॉप उघडून त्यांना बरंच काही दाखवलं. सर इंग्रजी अक्षरांकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "हे लोकाईले कवापासून माहीत आहे?"

"बरीच वर्षं झाली."

सर जावयावर बसले. जावयावर बसायला आम्हाला सक्त मनाई होती, शिलाई जाते म्हणून.

त्यानंतर ते दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, सगळ्या पोरांना ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "लोखंडाचं मी चुकीचं सांगत होतो. पुढच्या महिन्यात दांडी येईल. डॉक्टर शिकवंल. मी बी शिकीन." आणि मग मला बाजूला घेऊन, "तुझ्याकडं गाडी आहे न?"

"स्कूटी आहे. का?"

"माफी मागायले जाचं आहे. ज्याईले ज्याईले मी लोखंड उचलू दिलं नाही, त्या सगळ्याईची."

"सर, वीस वर्षांतली सगळी पोरं?"

"जे मागत होते तेवढेच. अठ्ठावीस आहेत." सगळी नावं त्यांना तोंडपाठ होती.

असा आमचा दौरा सुरू झाला. सर मागं बसायचे, हेल्मेटमध्ये, आणि वळणावर मी डावीकडं झुकले की ते गाडीचा तोल जाऊ नये म्हणून उजवीकडं झुकायचे. पहिलाच माजी खेळाडू निघाला वाहतूक पोलीस. भर चौकात, शिट्टी तोंडात. सर सिग्नलच्या मधोमध त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "माफ कर गा. माझ्याकडून मोठी चूक झाली."

त्यानं सरांना ओळखलं नाही, कारण हेल्मेट होतं. माझ्याकडं बघून म्हणाला, "सिग्नल तोडला का म्हाताऱ्यानं?"

सरांनी हेल्मेट काढलं. तो एकदम सावधानमध्ये उभा राहिला. चारी बाजूंनी हॉर्न वाजत असताना सरांनी त्याला उंची, हाडं आणि लोखंड हे सगळं समजावून सांगितलं. त्याची उंची सहा फूट होती. तो नुसता "हौ सर, हौ सर" म्हणत राहिला आणि आम्हाला वाट काढून देण्यासाठी त्यानं चारही रस्ते थांबवले.

दुसरा एक फरसाणच्या दुकानाचा मालक झाला होता. गल्ल्यामागं कसाबसा मावत होता. माफी ऐकून म्हणाला, "सर, कायचं लोखंड? मी तं स्वतःहूनच पळालो होतो. तुम्ही पहाटे बोलवत होते." आणि आम्हाला अर्धा किलो शेव बांधून दिली. असं तीन आठवडे चाललं. सोळा घरं झाली. सगळीकडं चहा, सगळीकडं "जाऊ द्या ना सर, तुम्ही आमच्या भल्यासाठीच केलं." सरांचा चेहरा दिवसेंदिवस उजळत चालला. माफी मागणं इतकं सुखाचं असतं, हे त्यांना आधी माहीतच नव्हतं.

मग वनिताची पाळी आली. खरं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं. वनिता गोळाफेकवाली. मी मैदानावर येण्याच्या आधीची. तिच्यासारखा खांदा आपण दुसरा पाहिला नाही, असं सर म्हणाले. पंधरा वर्षांची असताना तिनं तीनदा लोखंड मागितलं आणि तिन्ही वेळा ते नाही म्हणाले. सोळाव्या वर्षी, राज्याच्या निवडीला महिना उरलेला असताना, ती गोळा जागेवर ठेवून निघून गेली ती परत आलीच नाही. "माझ्यामुळं गेलं तिचं," सर म्हणाले. नरखेड येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

तिच्या सासरची संत्र्याची बाग होती. ती आम्हाला फाट्यावर घ्यायला मोटारसायकल घेऊन आली, आम्हा दोघांनाही मागं बसवलं आणि विहिरीच्या कडेनं, पंपाच्या पाइपांवरून, अशी नेली की सर वाटेत एक शब्द बोलले नाहीत. अंगणात संत्र्यांचे भरलेले क्रेट रचून ठेवलेले होते. तिनं दोन क्रेट सहज बाजूला करून आम्हाला खाट मोकळी करून दिली.

सरांनी आपलं नेहमीचं सुरू केलं. लोखंड, उंची, डॉक्टर. वनिता ऐकत होती. मग हसली.

"सर, लोखंडाचं मले काही नव्हतं वाटत. तुम्ही नाही म्हटलं, तं मी घरी पाण्याची मोटार उचलून प्रॅक्टिस करत होती."

"मंग गेली काहून?"

तिनं पदरानं उगाच क्रेटवरची धूळ पुसली. "सांगू का? इतक्या दूर आले तं सांगतेच. तुम्ही रोज माझं वजन पुकारत होते."

"सगळ्याईचं पुकारत होतो ना."

"हौ. सगळ्याईचं. पण लोकं हसत होते ते माझ्याच वेळेस. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. एक दिवस तुम्ही म्हटलं, 'आला वं ट्रक, काटा सांभाळा.' सगळं मैदान हसलं. पोट्टे बी. तुम्ही बी हसले." तिचा आवाज चढला नव्हता. एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तशी ती सांगत होती. "त्या दिवशी मी गोळा ठेवला. मंग दोन महिने एकच भाकर खाल्ली. माय रडत होती. खांदा गेला, गोळा गेला, सगळं गेलं. वजन बी काही जास्त नाही गेलं."

सरांनी तोंड उघडलं. "आमच्या काट्यावर भारी ट्रक आला, की आम्ही खुशीनं…" एवढं बोलून ते थांबले. वाक्य पुरं केलं असतं तर ते खरंच ठरलं असतं. त्यांच्या जगात जड ट्रक म्हणजे कौतुकाची गोष्ट होती. पण त्यांनी ते पुरं केलं नाही. "नाही," ते म्हणाले. "ते सोड. चुकलंच."

मी मान खाली घालून बसले होते. मावशीची गोष्ट शंभर वेळा सांगणारी मीच होते. माझ्या वेळेसही मैदानावर जाड मुली होत्या आणि त्यांच्या आकड्याला मीही हसले होते, पोट धरून. त्यांतल्या एकीचं नावसुद्धा मला त्या खाटेवर आठवेना.

मग सरांनी विचारलं, "आता मी काय करू?"

वनिता उठली. "आता काय? जेवून जा."

भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. तिनं आग्रह करकरून वाढलं. निघताना संत्र्यांची एवढी मोठी पिशवी दिली की ती सरांना उचलवेना. तिनं दोन बोटांनी उचलून बसमध्ये ठेवली.

परतीच्या बसनं काटोल मागं टाकलं. मग सर एकदम म्हणाले, "आपन सोळा घरी चुकीचीच माफी मागितली."

"म्हणजे?"

"चूक बी मीच ठरवली, माफी बी मीच ठरवली. त्याईले काय खुपलं ते इचारलंच नाही. उद्यापासून पुन्हा जाचं."

उरलेल्या अकरा जणांसकट झालेली ही दुसरी फेरी पहिल्यासारखी नव्हती. सर आता काही सांगायचेच नाहीत. टोपी काढून खुर्चीच्या काठावर बसायचे आणि विचारायचे, "माझं तुले काय खुपलं होतं? सांग. मी मधात बोलत नाही." सुरुवातीला सगळे "काही नाही सर" म्हणायचे. सर हलायचे नाहीत. मग पहिला चहा व्हायचा, आणि दुसऱ्या चहाच्या आत बांध फुटायचा. वाहतूक पोलीस, यावेळी घरी, बनियनवर, दीड तास बोलला. सरांनी एकदा त्याच्या वडिलांना त्याच्या खिशातल्या सिगरेटबद्दल सांगितलं होतं. सिगरेट त्याची नव्हती. मार त्याला पडला होता. "बारा वर्षं झाले सर," तो म्हणत होता, "मी अजून बी सिगरेट पीत नाही. पन तो मार!" फरसाणवाला आधी हसत होता. मग त्यानं पंखा बंद केला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "फुफाजी माझ्या जीन्सचे आहेत. मी मैदानावर वाळत घातली होती. नवी होती सर." सरांनी दुसऱ्या दिवशी फुफाजींची रेती काढली, धुतले, इस्त्री केली आणि त्याला नेऊन दिले. एकच पाय होता. त्यानं तो ठेवून घेतला.

काही जणांनी नुसतं मनसोक्त ऐकवलं. एकीनं दार उघडलं नाही. सर जिन्यात अर्धा तास उभे राहिले आणि परत आले. मैदानावर आकडा पुकारणं त्यांनी नरखेडहून आल्यापासूनच बंद केलं होतं. ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही.

शेवटी ते आमच्या घरी आले. मी म्हटलं, "सर, माझं काय? मी तर रोज तुमच्याबरोबर असते."

"म्हनूनच शेवटी आलो."

मी काही बोलायच्या आत आईनं स्वयंपाकघरातून येऊन खुर्ची ओढली. "माझं आधी," ती म्हणाली. आणि तिनं चटईपासून सुरुवात केली. पाऊण तास. माझं दहावीचं वर्ष, पावसात भिजलेली चटई, घरी आलेला रेतीचा ढीग, आजीचं किंचाळणं. सर मान हलवत ऐकत राहिले. ती दमून थांबली तेव्हा म्हणाले, "अजून?" आईनं आठवून पाहिलं. काही राहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्यांना विचारलं, "चहात साखर किती घेता?"

मग ते माझ्याकडं वळले. मी "काही नाही" म्हणणार होते, पण इतकी घरं बघितल्यावर तसं म्हणायची सोय उरली नव्हती.

"सर, मी चार वर्षं राज्याकडून खेळले. शेवटच्या वर्षी कप्तान होते. तुम्ही एकदाही मला 'छान' म्हटलं नाही."

सर गोंधळले. "पन गुडघे शाबूत आहेत ना तुझे?"

"आहेत."

"मंग तेच ना."

"ते 'छान' नसतं, सर."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. खूप वेळ टोपी हातात फिरवली. "आमच्या काट्यावर," ते हळूच म्हणाले, "बरोबर निघालं की कोनी काही बोलत नव्हतं. चुकलं तरच बोलत होते. मले ते येतच नाही वं." थोडं थांबून, "शिकतो."

आणि ते शिकायला लागले. त्याच आठवड्यात डॉक्टरनं, जरा उशिरानंच, लोखंडाची दांडी आणली होती. सर सकाळी बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहून रिकामी दांडी उचलायला शिकायचे, आणि ते झालं की 'छान' म्हणायला. दांडी लवकर जमली. 'छान' जमेना. सूर चुकायचा. हवालदारानं हटकावं तसं निघायचं. भालाफेक करणारी एक तेरा वर्षांची मुलगी होती, अबोल, भारी गुणी. तिनं एके दिवशी आपली पहिली उचल अगदी नेमकी केली. पाठ सरळ, गुडघे जागेवर. सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. घसा साफ केला. माझ्याकडं एकदा पाहिलं. मी मान हलवली.

"छान!" सर गरजले.

पोरगी दचकली, दांडी खाली ठेवली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. सरही घाबरले. तिच्यापुढं उकिडवे बसून तिला विचारू लागले, "काय झालं वं? काय झालं?"

हुंदके देत ती म्हणाली, "काय चुकलं ते तरी सांगा ना, सर!"